शब्दच दिले नाहीत, तर मूल सांगणार काय?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

प्राथमिक शाळेत शरीर, आरोग्य, भावना, नाती याबद्दल काही शिकवायचं म्हटलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं." दुसरं, "एवढ्याशा पोरांना कशाला हे सगळं?" मी अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं पहिली ते चौथीच्या वर्गांवर. ही दोन्ही वाक्यं मी पालकांकडून, सहकाऱ्यांकडून आणि साहेबांकडूनही ऐकली आहेत. म्हणून आज जरा इतिहास मांडते. आपलाच, महाराष्ट्राचा.

सुरुवात १८८२ पासून करू. त्या वर्षी हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी आपलं निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपल्याला पाठ असते. पण शाळेत शिकवायचं काय, याचीही यादी त्यांनी दिली होती. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान. आणि त्याच्या जोडीला नीतीचे आणि आरोग्य-स्वच्छतेचे काही धडे. म्हणजे शेतकऱ्याच्या पोराने शाळेत नुसतं लिहा-वाचायला शिकू नये, माणसांशी वागायचं कसं आणि शरीर राखायचं कसं हेही शिकावं, हा विचार पुण्यात बसून एका मराठी माणसाने १४० वर्षांपूर्वी मांडला होता. पाश्चात्त्यांचं खूळ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि हेही, की याच फुले दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवांचं पुढे काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गप्प राहण्याची किंमत कोण मोजतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मग आलं १८९१ चं संमतिवयाचं बिल. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढाच मुद्दा. त्याच्या आधी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मरण पावली होती. पुण्यात रणकंदन झालं. टिळक म्हणाले, परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नये. आगरकर आणि भांडारकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. सभा, अग्रलेख, शास्त्रार्थ, सगळं झालं. कायदाही झाला. पण त्या वादातले बोलणारे बहुतेक पुरुष होते आणि वाद शास्त्राचा, राज्यसत्तेचा होता. त्या दहा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शरीराबद्दल काय माहीत आहे, तिला कोणी काही सांगितलंय का, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणाला पडला नाही. लहान मुलीच्या शरीरावर आपण भांडलो, पण तिच्याशी बोललो नाही. ही सवय पुढेही राहिली.

यानंतरचं नाव अर्थातच र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. म्हणजे या बाबतीत आपण कुणाच्या मागे नव्हतो. प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा असं झाल्यावर रघुनाथरावांनी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, पदरमोड करून चालवलं. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर ते दोन वर्षंही चाललं नसतं.

त्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. प्रश्न विचारणारे कोण? लग्न झालेली, शिकलेली, मोठी माणसं. आणि विचारत काय? तर दहा-बारा वर्षांच्या वयात कुणीतरी सरळ सांगायला हवं होतं ते. या लेखनासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. पहिला १९३१ मध्ये, त्यात दंड. दुसरा १९३४ मध्ये, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या दुसऱ्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे अश्लील होत नाही, आणि लोकांना शंका असतील तर जाणकाराने त्यांचं निरसन करायचं नाही तर काय करायचं? कोर्टाने ऐकलं नाही. २०० रुपये दंड झाला.

कर्व्यांना शिक्षा कशाची झाली, याचा मी बरेचदा विचार करते. शृंगार मराठीला नवा नव्हता. लावणीला कुणी कोर्टात खेचलं नव्हतं. शिवीगाळीला तर कधीच नाही. त्यांना शिक्षा झाली ती साध्या मराठीत, मजेशिवाय आणि लाजेशिवाय, शरीराबद्दल बोलण्याची. आजही आपली भाषा तिथेच अडकलेली आहे. आपल्या पोरांना त्या अवयवांची नावं कळतात ती शिवीतून. घरी म्हणायचं "शूची जागा", शाळेत काहीच म्हणायचं नाही, आणि मैदानावर तेच शब्द शिवी म्हणून कानावर पडतात. मग ते शब्द मूल आईसमोर किंवा बाईंसमोर उच्चारेल कसं?

याचा एक साधा अनुभव सांगते. तिसरीतली एक मुलगी दोन आठवडे "बाई, पोटात दुखतं" म्हणत होती. ओवा देऊन झाला, लिंबूपाणी झालं, "अभ्यास नको म्हणून नाटक करते" असंही एका शिक्षकाचं म्हणणं पडलं. शेवटी ताप चढला तेव्हा दवाखान्यात कळलं, लघवीचा जंतुसंसर्ग. जळजळ होत होती, पण "तिथे" कसं सांगायचं म्हणून पोरीने "पोट" सांगितलं होतं. शाळेच्या मुतारीत पाणी नव्हतं, म्हणून ती दिवसभर लघवी दाबून धरायची. बघा, यात कुठे वाईट चालीचा संबंध नाही, अत्याचार नाही. साधं आरोग्य. पण शब्द नाही म्हणून दोन आठवडे आजार अंगावर.

आता स्वातंत्र्यानंतरचं बघा. १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. असं अधिकृतपणे करणारा हा जगातला पहिला देश मानला जातो. लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगवला गेला, आमच्या शाळेच्या भिंतीवरही होता. आणीबाणीत तर कहर झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. माझे वडीलही मास्तर होते. नसबंदीच्या "केसेस" आणण्याचा कोटा त्यांना होता. शाळा सुटली की ते सायकल घेऊन वाड्या-वस्त्यांवर फिरायचे. गंमत अशी, की हाच मास्तर वर्गात पचनसंस्था शिकवायचा, श्वसनसंस्था शिकवायचा आणि पुढे गप्प. मोठ्यांच्या शरीरावर सरकारने मास्तरांकरवी शस्त्रक्रिया करून घेतली, पण लहानांना चार ओळी समजावून सांगायची मुभा त्याच मास्तरला नव्हती.

ह्या मौनाचा हिशेब कुणी मांडला असेल तर तो गडचिरोलीत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळलं, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आरोग्यसेवा पोचली नव्हती हे खरंच, पण दुखणं सांगायचं नसतं हे शिक्षणही त्यामागे होतं. राणीताईंनी पुढे तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली ती या अनुभवातूनच. पण ती तारुण्यात आलेल्यांसाठी. प्राथमिकचा वर्ग तेव्हाही बाहेरच राहिला.

आणि मग २००७. हे साल नीट लक्षात ठेवा.

केंद्राने तेव्हा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता, एड्सची भीती डोळ्यांसमोर ठेवून. तो नववी ते अकरावीच्या मुलांसाठी होता. महाराष्ट्राच्या विधानसभेत त्यावरून गोंधळ झाला आणि राज्याने तो बंद केला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक यांनीही तेच केलं. विरोध करणाऱ्यांची एक बाजू मला मान्य आहे. चित्रांचे तक्ते दिल्लीत बनलेले, शिक्षकांना धड प्रशिक्षण नाही, पालकांना विचारलेलं नाही. पन्नास मुलांसमोर असा तक्ता उलगडायचा म्हणजे काय, हे वर्गावर उभं राहणाऱ्यालाच कळतं. पण यावर उपाय होता तक्ते बदलण्याचा. आपण विषयच बंद केला.

त्याच वर्षी, त्याच एप्रिलमध्ये, केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने बाल-अत्याचारांवरचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यं, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही. १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून केलेला. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले. सगळ्यात जास्त धोका ५ ते १२ वयोगटाला. बहुतेक मुलांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

आता हे दोन कागद शेजारी ठेवून बघा. एका कागदात म्हटलंय की पाच ते बारा वर्षांची मुलं सगळ्यात जास्त धोक्यात आहेत. दुसऱ्या कागदाने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनाही काही सांगायला मनाई केली. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत लैंगिक शिक्षण नको असाच अहवाल दिला. पाच वर्षांची मुलं या सगळ्या चर्चेत कुठेच नव्हती.

त्यानंतर नावं बदलत गेली. जीवनकौशल्यं, किशोरवयीन आरोग्य, आरोग्य व कल्याण. २०१२ मध्ये 'सत्यमेव जयते'चा तो भाग आला आणि घराघरात रविवारी सकाळी पहिल्यांदा हा विषय उघड बोलला गेला. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पॉक्सो कायदा लागू झाला. पुढे 'कोमल' ही छोटी फिल्म आली. 'गुड टच, बॅड टच' हे शब्द गावातही पोचले. हे चांगलंच झालं. पण पुढे त्याचं काय झालं, तर वर्षातून एकदा कुणी पाहुणे येणार, मुलांना पटांगणात बसवणार, अर्ध्या तासात "गुड" आणि "बॅड" सांगणार, फोटो काढणार, अहवाल पाठवणार. झालं. "अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नका" हे पक्कं शिकवणार, आणि ओळखीच्या काकाबद्दल अवाक्षर नाही.

त्यातही एक गोची आहे. लहान मुलाला प्रत्येक वाईट स्पर्श वाईट "वाटतो"च असं नाही. करणारा लाडाने करतो, खेळ म्हणून करतो, चॉकलेट देतो. मग मूल गोंधळतं. आणि "बॅड" म्हटलं की मीच बॅड असंही त्याला वाटतं. म्हणून "कसं वाटलं" यापेक्षा सरळ नियम बरा. पोहण्याच्या कपड्यांनी झाकली जाते ती जागा, तिला आंघोळ घालताना किंवा डॉक्टरांनी आईबाबांसमोर तपासताना सोडून कुणी हात लावायचा नाही, आणि कुणी स्वतःच्या त्या जागेला हात लावायलाही सांगायचं नाही. आणि कुणी "आईला सांगू नको" म्हटलं, की तीच गोष्ट आईला आधी सांगायची.

पॉक्सोचा कायदा बघा. मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी घ्यायचा, महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, गणवेशात जायचं नाही, आणि मूल जसं बोलेल तसंच लिहून घ्यायचं. किती शहाणा कायदा आहे! पण तो उभा आहे मुलाच्या शब्दांवर. आणि शब्द देण्याचं काम कायद्याचं नाही, ते आपलं.

बदलापूर सगळ्यांना आठवतं. ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या दोन मुली. त्यातल्या एकीने आपल्या बोबड्या भाषेत घरी सांगितलं, घरच्यांनी ते मनावर घेतलं, म्हणून उघड झालं. गुन्हा नोंदवायला पालकांना ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुलग्यांना लहानपणापासून शिकवा, असंही बजावलं. आपल्या चर्चेत मात्र फाशी, एन्काउंटर आणि सीसीटीव्हीच राहिले. शाळाशाळांत 'सखी सावित्री समिती' नेमायचा शासन निर्णय मार्च २०२२ मध्येच निघालेला होता, याची आठवण तेव्हा झाली. कॅमेरा हवाच, समितीही हवी. पण कॅमेरा घरात नसतो, शेजाऱ्याच्या ओसरीवर नसतो, रिक्षात नसतो.

आणि जुलै २०२५ मध्ये शहापूर तालुक्यात काय झालं? एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. पाळी म्हणजे मुलीचा अपराध, ही समजूत घेऊन मोठी झालेली माणसंच शाळेत मोठ्या पदावर बसली की हे होतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत मानवी प्रजननाचा धडा सविस्तर येतो तो दहावीच्या विज्ञानात. आणि मुलींना पाळी येते ती पाचवी-सहावी-सातवीत, काहींना चौथीतही. म्हणजे परीक्षा आधी आणि धडा पाच वर्षांनी.

२०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्याचा कार्यक्रम जाहीर झाला. त्यातले ११ विषय खरोखर चांगले आहेत. भावनिक आरोग्य, नातेसंबंध, स्त्री-पुरुष समानता, व्यसनं, इंटरनेटची सुरक्षितता, सगळं आहे. पण सुरुवात? सहावीपासून. पहिली ते पाचवी पुन्हा बाहेर. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात म्हटलं, की हे शिक्षण नववीपासून नव्हे, लहान वयापासून द्यायला हवं.

"लहान वयापासून" म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो, म्हणून स्पष्ट सांगते. पहिलीच्या मुलाला संभोग शिकवा असं कुणीही म्हणत नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं झालं. त्याआधी बर्मिंगहॅममध्ये पालकांनी शाळांबाहेर निदर्शनं केली होती, म्हणजे विरोध तिथेही होतोच. तिथे तोडगा असा आहे, की नाती, मैत्री, आदर, सुरक्षितता, आरोग्य हे सगळ्यांना सक्तीचं. प्राथमिकमध्ये लैंगिक शिक्षण सक्तीचं नाही, आणि शाळेने दिलंच तर पालक आपल्या मुलाला त्या तासाला बसवायला नकार देऊ शकतात.

आपल्याकडेही करून बघितलेलं आहे. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून 'मूल्यवर्धन' सुरू झालं आणि पुढे राज्यभर गेलं. छोट्या गटात बसून मुलांनी आपली भावना सांगायची, दुसऱ्याचं ऐकायचं, भांडण बोलून मिटवायचं. दुसरीतला मुलगा "मला राग आला कारण..." असं वाक्य पूर्ण करायला शिकतो, ही छोटी गोष्ट नाही. जे मूल राग सांगू शकतं, ते भीतीही सांगू शकतं. याविरुद्ध कुणी मोर्चा काढला नाही. म्हणजे आपल्या गावांना या शिक्षणाचं वावडं नाही. वावडं आहे ते एका शब्दाचं.

मग प्राथमिकमध्ये हवं काय? पहिली-दुसरीत शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, हात-पाय-कान म्हणतो तितक्याच सहजपणे. नाही म्हणायचा हक्क, अगदी आत्याने गालगुच्चा घेतला तरी. तिसरीत आनंदाचं गुपित आणि भीतीचं गुपित यातला फरक. विश्वासाची तीन माणसं, त्यातलं एक घराबाहेरचं. १०९८ हा नंबर, "दहा-नऊ-आठ" असा पाठ. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून ही हेल्पलाइन सुरू झाली. चौथी-पाचवीत पाळीबद्दल, आणि ते मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन नव्हे, मुलग्यांनाही. आणि याआधी पालकांची सभा, ज्यात काय शिकवणार ते शब्दन् शब्द सांगायचं. सभेला फक्त आया येतात, तेव्हा बापांना मुद्दाम बोलवायचं.

यासाठी नवं खातं नको, नवी इमारत नको. आठवड्याला एक तास हवा आणि ज्याला लाज वाटत नाही असा शिक्षक हवा. लाज प्रशिक्षणाने जाते, मी जाताना पाहिली आहे.

फुल्यांनी मागितलेल्या यादीतलं वाचन, हिशेब, भूगोल आपण दिलं. नीतीचे आणि आरोग्याचे ते "काही धडे" अजून द्यायचे आहेत. या महिन्यात तुमच्या मुलाच्या शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक असेल. जा, आणि एवढंच विचारा, "आमच्या पहिलीच्या मुलांना तुम्ही यातलं काय शिकवता?" काय उत्तर मिळालं ते इथे लिहा. शाळेचं नाव नका लिहू, फक्त उत्तर लिहा.